सेनापतीची घरगुती पत्रे : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना :
युद्धेतिहासाच्या लेखनात आदेश, नकाशे व अहवाल यांना प्राधान्य मिळते. सेनापतीने घरी पाठविलेली पत्रे मात्र क्वचितच विचारात घेतली जातात. जपानचे लेफ्टनंट जनरल तादामिची कुरिबायाशी (१८९१-१९४५) यांची पत्रे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

पार्श्वभूमी :
जून १९४४ मध्ये कुरिबायाशी इवो जिमा बेटाच्या संरक्षणासाठी तेथे दाखल झाले. आत्मघातकी हल्ले टाळून भुयारांतून प्रदीर्घ प्रतिकार करण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले. १९ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकी सैन्य बेटावर उतरले. सुमारे २१ हजार जपानी सैनिकांपैकी बहुतेक सर्व मृत्युमुखी पडले; कुरिबायाशीही परतले नाहीत.

पत्रांचे स्वरूप :
१९२८ नंतर अमेरिकेत असताना त्यांनी पुत्र तारो यास सचित्र पत्रे लिहिली होती. इवो जिमाहून पत्नीस लिहिताना, आपल्या परतण्याची आशा धरू नये, असे त्यांनी स्पष्टपणे कळविले. स्वयंपाकघरात फटींतून येणारा थंड वारा बंद करावयाचा राहून गेला, ही खंतही त्यांनी व्यक्त केली. धाकटी कन्या ताकाको हिच्या पत्रांत मात्र बेटावर पाळलेली कोंबडीची पिल्ले व स्वप्नात दिसलेली ताकाको यांचे वर्णन येते.

निष्कर्ष :
अखेरपर्यंत लढण्याचा आदेश ज्यांना दिला गेला, त्या सैनिकांतही अनेक पिते होते. त्या आदेशाचे मोल आदेश देणाऱ्यास ज्ञात होते, हे अधिकृत अहवालांतून नव्हे, तर या पत्रांतून समजते. म्हणूनच अशी पत्रे केवळ कौटुंबिक ठेव न मानता इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासली जाणे आवश्यक आहे.