नळीची लांबी आणि गॅसचे छिद्र

आमच्या जोहे गावात बंदुकीचा विषय काढला, तर लोक माझ्याकडे आश्चर्याने पाहतील. पेण तालुक्यातले हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखले जाते. येथे हात चालतात ते मातीवर, प्लास्टरवर आणि रंगाच्या कुंचल्यावर. मीही मूर्तिकाराच्याच घरात वाढले आणि शिकते कला शाखेत. तेव्हा यंत्राविषयी लिहिण्याचा माझा अधिकार तो काय! तरीही राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात पडलेला एक प्रश्न गेले वर्षभर माझा पिच्छा सोडीत नाही. त्याचे जे उत्तर सापडले, ते वाचकांपुढे ठेवते.

शिबिरात आम्हाला ‘एस. एल. आर.’, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, चालवायला मिळाली. माझ्या पाळीला पहिली गोळी सुटली, पण दुसरे काडतूस आत आलेच नाही. रिकामे कवच अर्धवट बाहेर येऊन अडकले होते. मला वाटले, माझेच काहीतरी चुकले. उस्ताद जवळ आले, बंदूक सुरक्षित केली, कवच काढले, नळीवरच्या गॅस रेग्युलेटरची कडी थोडी फिरवली आणि म्हणाले, “बेटी, हिला श्वास कमी पडत होता.” त्यानंतर बंदूक एकदाही अडली नाही.

हा ‘श्वास’ म्हणजे काय? काडतुसातली दारू पेटली, की तिचा गॅस होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीच्या वरच्या बाजूस एक लहानसे छिद्र असते. गोळी त्या छिद्रापुढे गेली, की थोडा गॅस छिद्रातून वर शिरतो आणि एका दट्ट्याला मागे रेटतो. दट्ट्या बोल्टला मागे नेतो, रिकामे कवच बाहेर फेकले जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना बोल्ट नवे काडतूस नळीत भरतो. गोळी नळीत असते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एवढ्या वेळात मिळालेल्या धक्क्यावर पुढचे सारे काम चालते.

येथे दोन गोष्टी तोलाव्या लागतात. छिद्र दारूच्या जितके जवळ, तितका गॅसचा दाब जास्त. छिद्रापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर जितके अधिक, तितका वेळ दाब टिकतो. कारण गोळी तोंडाबाहेर पडताच गॅसला मोकळी वाट मिळते आणि दाब कोसळतो. म्हणजे प्रश्न दुहेरी झाला: धक्का किती जोराचा, आणि किती वेळ?

आमच्या कारखान्यात पाटावरची ओली मूर्ती सरकवताना हेच पाहावे लागते. हलकेच रेटले, तर पाट जागचा हलत नाही. हिसका दिला, तर बोट तडकते. बंदुकीचेही तसेच आहे. छिद्र फार जवळ असले, तर बोल्ट घाईने उघडतो. कवच अजून दाबाने चेंबरच्या भिंतीला चिकटलेले असते, आणि ते ओढताना त्याची कड फाटते किंवा ओढणारी आकडीच झिजते. उलट छिद्र फार पुढे असून त्यापुढे नळी थोडीच उरली असेल, तर दट्ट्याला पुरेसा जोर मिळत नाही आणि माझ्या बंदुकीसारखी गत होते.

अमेरिकेतले एक उदाहरण बोलके आहे. तेथील एम-16 रायफलची नळी 508 मिलिमीटर लांब असून छिद्र मागच्या टोकापासून सुमारे 33 सेंटिमीटरवर आहे. 1994 साली सैन्यात आलेल्या एम-4 कार्बाइनची नळी 368 मिलिमीटर आणि छिद्र सुमारे 19 सेंटिमीटरवर. दोन्हींत छिद्रापुढे उरणारी नळी जवळपास सारखीच, 18 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे वेळ तोच राहिला, पण छिद्र दारूच्या जवळ आल्याने दाब बराच वाढला आणि भागांची झीजही. म्हणून पुढे त्याच आखूड नळीवर छिद्र थोडे पुढे, सुमारे 25 सेंटिमीटरवर घेण्याचा मधला मार्ग निघाला. चाल मऊ झाली, पण दाबाला मिळणारा वेळ घटला. एका हाताने घेतले, की दुसऱ्या हाताने द्यावेच लागते.

लांबी न बदलताही हा तोल बिघडू शकतो. 1960 च्या दशकात एम-16 साठी वेगळ्या जातीची दारू वापरण्यात आली. छिद्रापाशी दाब वाढला, बंदुकीचा वेग वाढला, आणि व्हिएतनामच्या लढाईत बंदुका अडकू लागल्या. साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नसणे ही कारणेही होतीच. 1967 साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीने याची चौकशी केली. ऐन चकमकीत बंद पडलेल्या बंदुकीची किंमत जवानांना जिवाने मोजावी लागली होती.

मग नळी लांबच का ठेवू नये? लांब नळीत गॅसला गोळीवर अधिक वेळ काम करता येते, म्हणून वेग वाढतो. पण तीच बंदूक घेऊन मोटारीतून उतरणे, झुडपातून सरपटणे, घराच्या दारात वळणे अवघड जाते. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आखलेल्या ‘इन्सास’ कुटुंबात ही निवड स्पष्ट दिसते. रायफलची नळी 464 मिलिमीटर, तर दूरवर सतत मारा करायच्या हलक्या मशीनगनची 535. काडतूस एकच, काम निराळे, म्हणून लांबी निराळी. अमेठीजवळच्या कोरवा येथे बनणाऱ्या ए. के. 203 ची नळी 415 मिलिमीटर आहे. तिचे काडतूसही वेगळे, हिशेबही वेगळा.

येथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हा हिशेब घरी करून पाहण्याचा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे तर गुन्हा आहेच, पण तिची नळी आखूड करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. आखूड बंदूक लपवायला सोपी, हे त्यामागचे उघड कारण.

दरवर्षी एखादे गिऱ्हाईक आमच्याकडे येते आणि म्हणते, “हीच मूर्ती, फक्त फूटभर उंच करा.” वडील हसून सांगतात, की ‘फक्त’ उंची कधीच वाढत नाही. पाट रुंद करावा लागतो, आतला आधार बदलतो, हातांचा भार नव्याने तोलावा लागतो. शिबिरातून परतल्यावर मी त्यांना त्या अडलेल्या बंदुकीची गोष्ट सांगितली. हातातली माती न सोडता ते म्हणाले, “म्हणजे नळी कापली, की छिद्राचाही विचार पहिल्यापासून करायचा. बरोबर?”

मला वर्षभर लागलेले उत्तर त्यांनी एका वाक्यात दिले होते.