काट्यानं काटा

मी कवी माणूस, बी.ए. झालेला. कवितेत रक्त येतं ते नात्यापुरतं. पण आईच्या रक्तात पोटच्या मुलाशी वैर उभं राहू शकतं, आणि ते टाळायला माणसानं एक अजब तोड काढली आहे. आज तीच हकिकत सांगतो.

रक्तगटापुढं आपण पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लावतो. तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचं एक प्रथिन असलं तर आर एच पॉझिटिव्ह, नसलं तर निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरात सुमारे पाच माणसं निगेटिव्ह. एरवी त्यानं काही अडत नाही. पण आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला, तर मूल पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तिच्या शरीराला त्या पेशी परक्या वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला शिकतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं. दुसऱ्या खेपेला मात्र हीच प्रतिद्रव्यं वारेतून पलीकडे जातात आणि पोटातल्या बाळाच्या पेशी फोडू लागतात. मूल पांढरंफटक पडतं, जन्मताच जबर कावीळ होते, कधी पोटातच दगावतं.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला होत्या. थोरला मुलगा धडधाकट, पुढची तीन मुलं गेली. कुणी नजर म्हणालं, कुणी करणी. बोल लागला तो त्यांनाच. त्यांचा रक्तगट कुणी तपासलाच नव्हता.

या आजाराचं मूळ १९४०च्या सुमारास कळलं. उपाय सापडायला आणखी वीस वर्षं लागली. लिव्हरपूलच्या डॉ. सिरिल क्लार्क यांना फुलपाखरांचा नाद. एका रात्री त्यांच्या पत्नीनं त्यांना उठवून सुचवलं, की आईला ती प्रतिद्रव्यंच टोचा. क्लार्क वैतागले. जे होऊ नये म्हणून धडपडतोय, तेच द्यायचं? सकाळी मात्र त्यांना ते पटलं. तिकडे न्यूयॉर्कमध्ये फ्रीडा, गोर्मन आणि पोलॅक हे तिघं स्वतंत्रपणे त्याच वाटेनं निघाले होते. सिंग सिंग तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांवर त्यांनी प्रयोग केले. १९६८मध्ये अमेरिकेत या इंजेक्शनला परवानगी मिळाली. त्याचं नाव ‘अँटी-डी’.

यातली गंमत अशी. बाहेरून दिलेली प्रतिद्रव्यं आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशींना चिकटतात आणि प्लीहा त्या पेशी गिळून टाकते. आईच्या शरीराला स्वतः शिकायची पाळीच येत नाही. हे सगळं नेमकं कसं घडतं, यावर शास्त्रज्ञांचा अजून एकमतानं निकाल लागलेला नाही. एवढं खरं, की उसनी प्रतिद्रव्यं काही महिन्यांत विरून जातात. स्वतः शिकलेली जन्मभर राहतात. पूर्वी अशा शंभर आयांमध्ये पंधरा-सोळा जणींच्या शरीरात हे वैर जागं होई. बाळंतपणानंतरच्या इंजेक्शनानं ते प्रमाण दोनाच्या आत आलं, आणि गरोदरपणातही एक दिल्यावर आणखी उतरलं.

हे औषध येतं माणसांच्याच रक्तातून. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांना चौदाव्या वर्षी मोठ्या शस्त्रक्रियेत परक्यांचं रक्त मिळालं होतं. पुढं त्यांच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं आढळली. २०१८पर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं. तिथली रक्तसंस्था सांगते, की त्यातून चोवीस लाख बाळांना आधार मिळाला. २०२५मध्ये ते गेले.

आता आपल्या घरातलं. सुनेला, लेकीला दिवस गेले की पहिल्याच तपासणीत रक्तगट विचारा. निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक इंजेक्शन, आणि मूल पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला, तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला विसरू नका. पुष्कळ घरांत चूक होते ती तिथंच. कारण एकदा शरीर शिकलं, की मग या इंजेक्शनाचा काही उपयोग नाही.