बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं तर? कोयनेच्या बॅकवॉटरमधला एक धडा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेलं ‘अं’, ‘म्हणजे’ काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग कोडिंगबद्दल नाही, करिअरबद्दलही नाही. आज बोलायचंय पाण्याबद्दल. कारण थंडी सुरू झाली की आपल्यापैकी निम्मी पब्लिक कास, बामणोली, तापोळा, वासोटा असा प्लॅन करते. तुमच्या ग्रुपवरही एव्हाना ‘लाँग वीकेंड?’ असा मेसेज पडलाच असेल.

तर गोष्ट अशी. आम्ही सहा जण, तापोळ्याजवळ भाड्याची छोटी मोटारबोट, सकाळची वेळ, पाण्यावर धुकं. बोट चालवणारा पोरगा आमच्याहूनही लहान. तो मधल्या पाण्यातून नीट नेत होता. आम्हीच म्हणालो, ‘दादा, जरा काठाकाठाने घे ना, फोटो भारी येतील.’ त्याने घेतली. दोन मिनिटांत इंजिनाचा आवाज बदलला, घरघर झाली आणि बोट जागच्या जागी थांबली. पंख्याला जाळं गुंडाळलं होतं.

आता इथे माणूस काय करतो? मागे जाऊन बघतो. आम्ही सहाच्या सहा जण उठलो आणि मागे गेलो. बोटीचं नाक वर, शेपूट खाली, आणि मागच्या फळीवरून पाणी आत. घोटे भिजले. लांबून एक मच्छीमार काका ओरडत होते, ‘खाली बसा! समदी खाली बसा आधी!’

तो आवाज अजून कानात आहे. नंतर मी या विषयावर बरंच वाचलं, तिथल्या दोन-तीन मच्छीमारांशी बोललो, आणि एक गोष्ट पक्की कळली. जाळं बोट बुडवत नाही. जाळं बोट मागून धरून ठेवतं, आणि मग पुढचं सगळं आपण करतो.

हे जरा समजून घेऊ. मोटारबोटीची मागची फळी, जिथे इंजिन टांगलेलं असतं, ती सगळ्यात खाली असते. इंजिनाचं वजनही तिथेच. बोट मागून अडकली की वारा तिला फिरवतो आणि ती फळी लाटांच्या समोर येते. पुढचं निमुळतं नाक लाट फोडायला बनवलंय, मागची सपाट फळी नाही. त्यात सगळे मागे गोळा झाले की झालंच. कोयनेची दरी लांब आणि अरुंद आहे, दुपारनंतर वारा पाण्यावरून सरळ वाहत येतो. सकाळी जे पाणी आरशासारखं दिसतं, तेच चार वाजता वेगळं असतं.

आता जाळ्याकडे येऊ. धरणात बहुतेक वेळा लावतात ते उभं जाळं. पाण्यात टांगलेला पडदा समजा. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या, खालच्या दोरीला शिशाचे मणी नाहीतर दगड. मधलं जाळं तंगूसचं, म्हणजे बारीक पारदर्शक नायलॉनचं. माशाला ते दिसत नाही, तो डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. माशाला दिसत नाही ते आपल्याला काय दिसणार! अशी जाळी एकाला एक जोडून शेकडो मीटर लांब होतात. साधारणपणे संध्याकाळी लावतात, पहाटे किंवा सकाळी काढतात. म्हणजे आपण सूर्योदयाचे फोटो काढायला निघतो, तेव्हा ती बऱ्याचदा पाण्यातच असतात.

ओळखायचं कसं? एक बाटली तरंगताना दिसली तर तो कचरा असू शकतो. पण तिच्या रेषेत दुसरी दिसते का बघा. ठरावीक अंतरावर बाटल्या किंवा थर्माकोल दिसला, तर ती भिंत आहे. फक्त दोन टोकांना दोन मोठे कॅन दिसले, मधे काहीच नाही, तर जाळं खोल सोडलेलं असू शकतं. पण ते लांबून ठरवता येत नाही, त्यामुळे वरच आहे असं धरून चालायचं. बऱ्याच जाळ्यांचं एक टोक काठावरच्या झाडाला किंवा दगडाला बांधलेलं असतं. म्हणून काठ आणि पहिली बाटली यांच्यामधून कधीच जायचं नाही. आम्ही नेमकं तेच केलं होतं. पाण्याच्या बाजूचं शेवटचं टोक शोधायचं आणि त्याच्याही बाहेरून, बरंच अंतर सोडून, वळसा घालायचा. धुक्यात किंवा अंधारात हे दिसतच नाही. तेव्हा थांबा, चहा प्या.

इथे एक कबुली. घरी आल्यावर मी आधी ॲप बनवायचं ठरवलं होतं. जाळ्यांचा नकाशा, लाल रेषा, नोटिफिकेशन, सगळं डोक्यात तयार. तिथल्या एका काकांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, ‘पावणं, जाळं रोज हलतंय. आणि मासा कुठं घावतो ते मी नकाशावर टाकू व्हय?’ प्रोजेक्ट तिथेच बंद.

शिवाय पाणीही रोज हलतं. शिवसागर जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब, आणि कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसीच्या आसपास. पावसाळ्यात भरलेलं हे पाणी पुढे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे बोगद्यातून जातं, थोडं पूर्वेकडे नदीत सुटतं, आणि उन्हाळ्यापर्यंत पातळी बरीच खाली येते. डिसेंबरमध्ये ज्या वाटेने बोट गेली, तिथे मे महिन्यात झाडांची खोडं आणि जुने बांध वर आलेले असतात. जाळी बांधायला ती खोडं सोयीची. म्हणून ‘मागच्या वेळी इथूनच गेलो होतो’ हा युक्तिवाद चालत नाही.

बरं, अडकलोच तर? पहिलं काम, इंजिन बंद. नुसतं न्यूट्रल नाही, बंद, आणि चावी काढून हातात. गॅस देऊन सुटायचा प्रयत्न केला तर तंगूस पंख्याच्या मागे दांड्यावर आणखी घट्ट बसतो, घर्षणाने वितळतो आणि आतलं सील फाडतो. मग गिअरबॉक्समध्ये पाणी. दुसरं, सगळे खाली बसा, बोटीच्या मधे. मागे फक्त एक माणूस, चालवणारा. तिसरं, वारा असेल तर बोटीच्या नाकाकडून नांगर टाका, म्हणजे नाक वाऱ्याकडे वळायला मदत होते. तोवर इंजिन तिरकं करून पंखा पाण्याबाहेर काढायचा आणि हाताने उलटा फिरवायचा. आमच्या काकांनी होडीतून येऊन हेच केलं. दहा मिनिटं लागली. आमच्यातला एक जण खिशातला चाकू काढत होता, तर म्हणाले, ‘कापू नगा, उलटं फिरवा, येतंय ते.’ आणि आलंच.

कापायचं ते अगदीच शेवटी, बोटीत पाणी यायला लागलं तर. मग बिनधास्त कापा, जीव मोठा. पण नंतर काठावर जाऊन मालकाला शोधून सांगा आणि भरपाई द्या. त्या जाळ्यात त्यांची रात्रभराची कमाई असते. धरणं मासेमारीसाठी ठेक्याने दिली जातात, तिथे मच्छीमारांच्या सहकारी संस्था पैसे भरून मासे धरतात. आपण दोन तासांचे पाहुणे. त्या दिवशी फाटलेल्या तुकड्याचे पैसे आम्ही दिले, तर काकांनी त्यातलेही थोडे परत केले.

आणि पाण्यात उडी मारून सोडवायला जाऊ नका, कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी. तंगूस शर्टाच्या बटणात, घड्याळात, पायाच्या बोटांत अडकतो, आणि जितके हातपाय मारू तितका गुंडाळतो.

लाइफ जॅकेटबद्दल लेक्चर देणार नाही. फक्त दोन आठवणी. ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ, महापुरात माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. २१ मे २०२४, उजनी जलाशय, वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. दोन्हीकडे जाळ्याचा संबंध नव्हता. पण पाण्यात पडल्यावर काय होतं, ते सारखंच. माझी आजी सांगलीची, कृष्णेच्या काठावरची. ती बोटीचं नाव काढलं तरी अजून आधी ब्रह्मनाळ म्हणते. जॅकेट मांडीवर ठेवून फोटो काढण्यापेक्षा अंगात घाला आणि बक्कल लावा. तापोळा-बामणोलीकडे नेटवर्क येतं-जातं, तरी ११२ लावून बघा, आणि निघण्याआधी काठावर कुणाला तरी सांगून ठेवा की कुठे चाललोय आणि कधी येणार.

एका श्रोत्याने मेसेज केला होता, ‘कायाकला तर पंखाच नसतो, मग काय टेन्शन?’ पंखा नाही, पण वल्हं आहे. जाळ्यावर जोरात वल्हं मारलं की ते अडकतं, तुम्ही तोल सावरायला त्याच बाजूला झुकता आणि कायाक पालथी. चुकून जाळ्यावर आलातच तर वल्हं वर उचला, अंग ढिलं सोडा आणि आहे त्या वेगाने पलीकडे घसरत जा. बाटली धरून ओढू नका. आणि जवळ होडीत कुणी जाळं काढत असेल तर लांबूनच हाक मारून विचारा, ‘काका, कुठून जाऊ?’ ते हात करून दाखवतात.