सरहद्द कुठे असते?

देशाची सरहद्द नकाशावरच्या रेघेवर असते, असं आपण शाळेत शिकलो. आता आपल्या बीडचंच एखादं जोडपं घ्या. अमेरिकेतल्या लेकाकडे निघालंय, विमान मुंबईहून अबू धाबी मार्गे. तिथल्या विमानतळावरच अमेरिकेचा अधिकारी त्यांचा पासपोर्ट बघतो, बोटांचे ठसे घेतो, किती दिवस राहणार ते विचारतो. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. पुढे अमेरिकेत उतरलं की सरळ बाहेर. आई-वडिलांना ही सोय वाटते, आणि ती सोयच आहे. चौदा-पंधरा तास उडून गेल्यावर परत फिरण्यापेक्षा अलीकडेच 'नाही' ऐकलेलं बरं.

दुसरा प्रकार इतका उघड नसतो. मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनीचा माणूस व्हिसा उलटसुलट करून का बघतो? कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड कंपनीला होतो म्हणून. ब्रिटनने असा कायदा १९८७ मध्ये केला. आपणही २००० मध्ये केला, माणशी एक लाख रुपये दंडाचा. मग काही देश आपले अधिकारी परदेशी विमानतळांवर कंपन्यांच्या मदतीला बसवतात. परक्या भूमीवर कुणाला अडवायचा हक्क त्यांना नसतो, ते फक्त सल्ला देतात. पण दंड डोक्यावर असताना कंपनी तो सल्ला मोडेल कशाला? प्रवासी अडला की अधिकारी म्हणतो, निर्णय कंपनीचा. कंपनी म्हणते, आम्हाला तसं सांगण्यात आलं. दाद कुणाकडे मागायची? निर्णय तर झालाय, पण तो घेणारा कुणी सापडत नाही. मला यातली खरी अडचण ही वाटते. खोटे कागद पकडू नयेत असं कुणीच म्हणत नाही.

हे कुठवर जाऊ शकतं, ते प्राग विमानतळावर दिसलं. जुलै २००१ मध्ये ब्रिटनने चेक सरकारशी करार करून आपले अधिकारी तिथे बसवले. चेक नागरिकांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता. त्यातले रोमा लोक ब्रिटनमध्ये पोचून आश्रय मागत होते, त्यांना विमानात चढण्याआधीच थांबवायचं होतं. हे रोमा मूळचे आपल्याच उपखंडातले. त्यांचे आकडे ऐका: येक, दुय, त्रिन, श्तार, पांज. परके वाटतात का?

प्रकरण ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. ९ डिसेंबर २००४ ला निकाल लागला. इतर चेक प्रवाशांच्या तुलनेत रोमा माणूस नाकारला जाण्याची शक्यता चारशे पट होती, असं त्यात नोंदलं आहे. बचाव असा, की आश्रय मागणारे बहुतेक रोमाच असतात, म्हणून त्यांची जास्त चौकशी करणं तर्कसंगत आहे.

आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत बोलू. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं, कारण तिथे व्याप्ती आहे, अपवाद नाही. 'बहुतेक' ही व्याप्ती नव्हे. समोर उभा असलेला माणूस त्या बहुतेकांपैकी आहे की उरलेल्यांपैकी, हे त्याच्या जमातीवरून कळत नाही. न्यायाधीश बॅरोनेस हेल तर आणखी पुढे गेल्या: समूहाबद्दलचा समज खरा असला, तरी तो एकेका व्यक्तीवर लादणं हाच भेदभाव. आपल्याला हे परक्यांकडून कळायची गरज नव्हती म्हणा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी नेमकं हेच केलं होतं. माणूस जन्मला की संशयित, गावाबाहेर जायचं तर पास. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये राहिलेल्यांच्या नातवंडांना विचारा. तो कायदा १९५२ मध्ये गेला. फासेपारध्याच्या पालावर पोलिसांची पहिली नजर अजून जाते.

प्रागचा निकाल मात्र अर्धाच रोमांच्या बाजूचा होता. भेदभाव बेकायदा ठरला. पण १९५१ च्या निर्वासित कराराचा भंग झाला नाही, असंही त्याच न्यायालयाने म्हटलं. का? कारण निर्वासित होण्यासाठी आधी आपल्या देशाबाहेर असावं लागतं, आणि ही माणसं प्रागमध्येच होती. ज्या अधिकाऱ्याने त्यांना बाहेर पडू दिलं नाही, त्याच्या देशाच्या बाजूने हा मुद्दा गेला.

तोपर्यंत, म्हणजे १ मे २००४ ला, चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आलं होतं. रोमांना आता लंडनला जायला कुणाची परवानगी लागत नव्हती.