जुन्या मॅग्नमला जड गोळीच मानवते

स्मिथ अँड वेसनच्या जुन्या मॉडेल १९ रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाहेर काढून नळीचं मागचं टोक उजेडात धरलं, तर खालच्या अंगाला एक सपाट काप दिसतो. तो झिजेचा नाही, कारखान्यातच दिलेला आहे. सिलिंडरच्या जुळणीला जागा हवी म्हणून तिथलं पोलाद कमी केलं, आणि गोळी नळीत शिरते नेमकी तीच जागा पातळ राहिली. या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस निवडताना खोक्यावरचा वेग नंतर वाचावा, आधी हा काप बघावा.

हे रिव्हॉल्व्हर ज्यासाठी बनलं ते .३५७ मॅग्नम काडतूस आलं १९३५ मध्ये. .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे अष्टमांश इंच लांबवली होती, ती मुख्यतः हे जोरकस काडतूस जुन्या, नाजूक .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये म्हणून. गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमच्या किंचित वर. आणि ती झाडायला भलाथोरला, जाडजूड सांगाडा. मात्र दिवसभर ते वजन कमरेला बाळगणाऱ्यांची तक्रार होतीच. अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातले बिल जॉर्डन यांच्या आग्रहातून १९५५ मध्ये ‘कॉम्बॅट मॅग्नम’ निघालं. मॉडेल १९ हे त्याचंच नंतरचं नाव. त्याचा मध्यम सांगाडा मूळचा .३८ स्पेशलचा. सराव .३८ने करायचा आणि मॅग्नम कामगिरीवर भरायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. तोवर सगळं ठीक चाललं.

एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथे गोळीबारात महामार्ग गस्तीचे चार अधिकारी मारले गेले. त्यानंतर अमेरिकी पोलिसांत सरावही कामगिरीच्याच काडतुसांनी करावा, हा विचार बळावला. त्याच सुमारास १२५ ग्रेनची हलकी, अतिवेगवान गोळी लोकप्रिय झाली. मग नळीच्या त्या पातळ तोंडाला तडे जाऊ लागले.

हलकी गोळी अधिक त्रास देते, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. पण ती आखूड असते आणि तिच्यामागे दारूही जास्त असते. जाणकार सांगतात ते असं, की आखूड गोळी पुंगळीतून लवकर सुटते. ती नळीचं तोंड नीट बंद करण्याआधीच तापलेला वायू आणि जळते कण तिथे झोंबतात. १५८ ग्रेनची लांब गोळी ती वाट लवकर अडवते. कंपनीने १९८०च्या सुमारास थोडा मोठा सांगाडा काढून नळीचं हे तोंड जाड केलं. याहून स्पष्ट कबुली कोणता कारखाना देणार?

तेव्हा नेहमीच्या नेमबाजीला .३८ स्पेशल आणि क्वचित मॅग्नम झाडायचंच तर १५८ ग्रेनची, धातूचं आवरण असलेली गोळी. मऊ, उघडी शिशाची गोळी मॅग्नमच्या वेगात नळीत शिसं थापून ठेवते. .३८चाही एक उपद्रव आहे. त्याची पुंगळी आखूड, त्यामुळे सिलिंडरच्या घरांत पुढे काजळीचं कडं साचतं. ते न खरवडता मॅग्नम भरलं तर काडतूस पूर्ण आत बसत नाही, किंवा झाडल्यावर पुंगळी अडकते.

जुनं मॉडेल १९ विकत घेणाऱ्याने बाहेरची चकाकी बघून भुलू नये. नळीच्या मागच्या टोकाला, त्या सपाट कापाच्या जागी केसाएवढी रेघ दिसली आणि ती पुसूनही गेली नाही, तर .३८सुद्धा भरू नये. आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवावं.