नौकेच्या पोटातील तेलाचा माग

अंगणात उभ्या केलेल्या स्कूटरचे ऑईल गळू लागले, तर त्याची वार्ता घरातील सर्वांना सकाळीच कळते. फरशीवर काळा ठिपका दिसतो, झाडणाऱ्या बाईच्या तो नजरेस पडतो आणि चहाच्या वेळेपर्यंत मिस्त्रीला निरोप जातो. पाण्यावर धावणाऱ्या स्कूटरचे तसे नाही. तिला अंगण नाही आणि फरशीही नाही. तिचे इंजिन एका बंद पोटात बसविलेले असते, आणि तिथे सांडलेले ऑईल मालकाच्या नजरेस पडण्यापूर्वीच बहुधा समुद्रास मिळालेले असते. आमच्या गोमंतकातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ आज या वाहनांवर चालतो. तेव्हा हे ऑईल नेमके कोठून गळते व त्याचा शोध कसा घ्यावा, हा विषय घरगुती मासिकातही अस्थानी ठरू नये, असे आम्हांस वाटते.

कॅनडातील बॉम्बार्डिये कंपनीने १९६८ साली ‘सी-डू’ नावाने असे एक वाहन काढले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जपानच्या कावासाकी कंपनीने आपली ‘जेट स्की’ बाजारात आणली. पुढे हे व्यापारी नाव इतके रूढ झाले की बागा-कळंगुटच्या वाळूवर कोणत्याही बनावटीच्या वाहनास लोक जेट स्कीच म्हणतात. आरंभीची इंजिने टू-स्ट्रोक होती. २००२ च्या सुमारास फोर-स्ट्रोक इंजिने आली व पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. पावसाळ्यात समुद्र खवळला की हा व्यवसाय बंद राहतो. नारळी पौर्णिमा होऊन चतुर्थीचे दिवस जवळ आले की झापाखाली ठेवलेली वाहने बाहेर निघतात. तपासणीला हाच काळ उत्तम.

प्रथम वाहनाची रचना ध्यानी घ्यावी. सीट उचलली की खाली इंजिन दिसते. त्याच्यापासून एक दांडा मागे जातो आणि पंपातील पंखा फिरवितो. पंखा खालून पाणी ओढून मागे जोराने फेकतो आणि त्या रेट्याने वाहन पुढे जाते. इंजिनाखालच्या खोलगट तळात थोडेफार पाणी नेहमी साचते. ते बाहेर काढण्यासाठी बारीक नळ्या बसविलेल्या असतात. वाहन धावत असता पंपाच्या ओढीने या नळ्या तळातील पाणी उपसून बाहेर टाकतात. काही वाहनांत त्यासाठी विजेचा लहान पंपही असतो. तळात ऑईल असेल तर तेही याच वाटेने जाते. म्हणजे गळतीचा पुरावा वाहन स्वतःच पुसून टाकीत असते.

तळात तेलकटपणा दिसला म्हणजे लगेच गॅस्केट फुटले, असा निष्कर्ष काढू नये. आधी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ऑईल शेवटचे कधी बदलले? या वाहनांत ऑईल सहसा खालून सोडता येत नाही. डिपस्टिकच्या नळीतून ते शोषून घ्यावे लागते, आणि फिल्टर काढताना हमखास थोडे सांडते. ते सांडलेले ऑईल पुढे कित्येक दिवस पाण्यावर तरंगत राहते व मालकाची झोप उडविते. दुसरा प्रश्न, पातळी बरोबर मोजली होती काय? पुष्कळ इंजिनांत पातळी इंजिन गरम असताना आणि वाहन सपाट असतानाच पाहावयाची असते. थंड इंजिनात ती खोटी कमी दिसते. मग कोणी वरून आणखी ऑईल ओततो, ते जास्तीचे ऑईल वाफांच्या नळीतून हवेच्या पेटीत शिरते आणि तेथून खाली ठिबकते. कंपनीच्या पुस्तिकेत मोजण्याची रीत दिलेली असते, ती अक्षरशः पाळावी. तिसरा प्रश्न, ते ऑईलच आहे ना? पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर टिपून पाहावे. पेट्रोल वासाने कळते व उडून जाते. ग्रीस घट्ट असते आणि बहुधा दांड्याच्या बेअरिंगजवळ सापडते. काही बनावटींत इंजिन थंड ठेवणारे रंगीत कूलंट असते, ते पाण्यात मिसळते. ऑईल मात्र पाण्यावर तरंगते आणि बोटांना बुळबुळीत लागते.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळूनही संशय उरला, तर शोधास लागावे. पण आधी सावधगिरी. बंद पोटात पेट्रोलची वाफ साचते. म्हणून सीट काढून काही वेळ वारा खेळू द्यावा, आणि जवळपास विडी, काडी वा ठिणगी असू नये. फिरत्या दांड्याजवळ ओढणी, लुंगीचा सोगा वा मोकळे केस जाऊ देऊ नयेत. जमिनीवर नळाच्या पाण्याने इंजिन चालवायचे असल्यास आधी इंजिन सुरू करावे, मग नळ सोडावा. थांबविताना आधी नळ बंद करावा, मग इंजिन. हा क्रम उलटला तर पाणी एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरमध्ये जाऊन इंजिनाचा घात करते. जमिनीवर ते अगदी थोडा वेळच चालवावे, कारण दांड्याच्या सीलला तेथे थंडावा मिळत नाही.

आता शोधाची रीत. इंजिन व तळ पुसून कोरडा करावा. शंकेच्या सांध्यांवर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवावा, मात्र हवा आत घेणाऱ्या तोंडापासून दूर. तळाशी ऑईल शोषणारे पांढरे पॅड अंथरावेत. मग वाहन धक्क्याला पक्के बांधून पाण्यात थोडा वेळ चालवावे, बंद करावे आणि विजेरी घेऊन वरून खाली पाहत यावे. ऑईल नेहमी खाली ओघळते. जिथे ते साचले तिथे गळती नसते. सर्वांत वरचा ओला ठिपका शोधावा, तोच उगम.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत वर व्हॉल्व्ह-कव्हरचे गॅस्केट, त्यानंतर फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, ऑईल कूलरचे जोड, सुपरचार्जर असल्यास त्याच्या बैठकीची ओ-रिंग, ऑईलच्या नळ्यांचे क्लॅम्प आणि प्रेशर दाखविणाऱ्या सेन्सरचे बूड. इंजिनाच्या मागे दांडा जोडतो तेथील सील गळत असेल तर खूण वेगळी असते. फिरता दांडा ऑईल उडवितो आणि भोवतालच्या भिंतीवर शिंतोड्यांचे कडे उमटते. एवढ्यानेही उगम सापडला नाही, तर ऑईलमध्ये विशेष रंगद्रव्य मिसळून जांभळ्या किरणांच्या विजेरीने पाहतात. त्या प्रकाशात गळतीची वाट पिवळीहिरवी चमकते. एका ओ-रिंगने भागणाऱ्या कामासाठी सारे इंजिन बाहेर काढण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

डिपस्टिकवरील ऑईल दुधाळ दिसले तर प्रकरण उलटे आहे. तेथे ऑईल बाहेर गेलेले नाही, पाणी आत आलेले आहे. वाहन उलटले असेल, हेड-गॅस्केट गेले असेल वा कूलर फुटला असेल. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण खारे पाणी बेअरिंगचे लोखंड फार लवकर खाते. जुन्या टू-स्ट्रोक वाहनांत टाकीतील ऑईल पेट्रोलबरोबर जळतेच. त्यामुळे तेथे पातळी उतरणे ही गळती नव्हे. मात्र टाकीच्या जुनाट नळ्या व त्यांची तोंडे अवश्य तपासावीत. ऑईल-प्रेशरची धोक्याची सूचना वाजली तर प्रवास तेथेच थांबवावा. किनाऱ्यापर्यंत जाऊ, मग बघू, या विचाराने इंजिने कायमची जातात.

हा खटाटोप केवळ इंजिनासाठी नाही. चारशे टनांवरील जहाजांनी तळातील पाणी गाळून, दहा लाख भागांत पंधरा भागांहून अधिक तेल राहणार नाही असे करूनच समुद्रात सोडावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. लहानशा वॉटर स्कूटरवर गाळणारे यंत्र नसते. तेथे मालकाची नजर हेच यंत्र. मांडवी-जुवारीच्या मुखांतील तिसऱ्या, शिनाणे आणि कालवे पाणी गाळूनच जगतात, आणि त्या पाण्यातील तेलाचा अंश त्यांच्या मांसात उतरतो. आपल्या नळीतून गेलेले ऑईल अशा रीतीने आपल्याच ताटात परत येऊ शकते. कित्येक जण तळात साबणाचे पाणी ओतून बूच काढतात. त्याने तवंग दिसेनासा होतो, तेल मात्र पाण्यातच राहते. ते पॅडने टिपून डब्यात भरावे आणि जुने ऑईल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

ज्या घरातील मुलगा किनाऱ्यावर वॉटर स्कूटर चालवितो, त्या घरी आमची एकच विनंती आहे. मोसमाच्या आरंभी एक वही घालावी. ऑईल कधी बदलले, किती घातले, पातळी केव्हा व कशी मोजली आणि पॅडवर काय दिसले, हे तीत लिहीत जावे. दोन नोंदींत पातळी उतरलेली दिसली की गळती समुद्राआधी आपल्याला कळते. पोरांना यंत्राचा छंद असतोच, वहीचा आग्रह मात्र घरातील वडीलधाऱ्यांनीच धरावयास हवा.