एनएसएसचा राष्ट्रीय पुरस्कार कुणाला मिळतो?

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एनएसएस, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. योजनेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९९३-९४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एनएसएस पुरस्कार सुरू केले. विद्यापीठे, महाविद्यालयांतील एकके व त्यांचे कार्यक्रम अधिकारी यांच्याबरोबर वैयक्तिक स्वयंसेवकांनाही ते दिले जातात.

नियमित स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर पूर्ण करायचे असते. ही झाली किमान अट. पुरस्कारासाठी त्यापलीकडचे काम पाहिले जाते: रक्तदान, वृक्षारोपण, साक्षरता, पूर किंवा साथीच्या काळातली मदत.

प्रस्ताव महाविद्यालयातून विद्यापीठाकडे, तिथून राज्याकडे आणि मग केंद्राकडे जातो. निवड समितीने ते गाव किंवा ती वस्ती पाहिलेली नसते. तिच्यासमोर असतात फक्त कागद. त्यामुळे चांगले काम करूनही नोंद न ठेवणारा विद्यार्थी मागे पडू शकतो.

एनएसएसचे ब्रीद 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचे आहे. म्हणून अनेकांना स्वतःचे काम लिहून ठेवायला संकोच वाटतो. पण तारीख, तास, ठिकाण आणि काय केले एवढे कार्यदैनंदिनीत त्याच दिवशी लिहून अधिकाऱ्यांची सही घेणे म्हणजे मिरवणे नव्हे. पुरस्कार मिळो न मिळो, पुढच्या तुकडीला काम कुठून पुढे न्यायचे हे त्याच नोंदीवरून कळते.